हरितगृहस्थ

लखनौच्या अलीगंजात स्थायिक झालेल्या सेवानिवृत्त मराठी माणसाला ऐन पौषात अळूवडीची वासना व्हावी, यात शास्त्रविरुद्ध असे काही नाही. परंतु धुक्यामुळे दिवसचे दिवस सूर्यदर्शन न घडणाऱ्या आणि पारा कधी कधी तीन-चार अंशांवर उतरणाऱ्या त्या मुलुखात अळू मार्गशीर्षातच मान टाकतो, म्हणून परसात स्वहस्ते हरितगृह उभारण्याचा जो संकल्प सोडतो, आणि त्यासाठी कोणते साहित्य योग्य या प्रश्नाची चौकशी मग आमरण चालू ठेवतो, त्या इसमाला मी ‘हरितगृहस्थ’ म्हणतो.

आमच्या परिचयातील हरितगृहस्थाची हयात हिशेबतपासणीत गेलेली. महाराष्ट्रातून इकडे आलेल्या माणसाने काहीतरी उभारलेच पाहिजे, असा त्याचा सिद्धांत. भातखंड्यांनी १९२६ साली याच शहरात संगीताचे कॉलेज उभारले, मग आपल्याला बारा फुटी काचघर का साधू नये? त्याचे दुसरे दैवत म्हणजे जोसेफ पॅक्स्टन. मूळच्या या माळ्याने १८५० च्या जूनमध्ये टिपकागदावर रेखाटलेला स्फटिकप्रासाद पुढल्या मे महिन्यात सुमारे तीन लाख तावदानांनिशी लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोकांना खुला झाला, ही हकीकत तो आल्यागेल्यास ऐकवतो. टिपकागदापर्यंत त्याची स्वतःचीही प्रगती झालेली आहे. राहिला आहे तो केवळ प्रासाद.

हरकत आहे ती वाऱ्याची. ज्येष्ठात पश्चिमेकडून धुळीची आंधी उठली की त्याच्या दोरीवरचे धोतर अलीगंजातल्याच कपूरथला चौकात शोधावे लागते. त्यात भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात लखनौसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४७ मीटर धरलेला त्याला आढळला, आणि घरातील शांतता संपुष्टात आली. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे १३५ किलोंचा भार येतो, हे त्याने सप्रमाण मांडले, तेव्हा “म्हणजे मी आणि वन्सं मिळून,” एवढाच त्याचा अर्थ पत्नीने काढला.

मग एकेका साहित्याची कैफियत रुजू होऊ लागली. चार मिलिमीटर काच चौरस मीटरला दहा किलो भरते, तेव्हा ती सहजी उडायची नाही. परंतु शेजारच्या आंब्याची फांदी कोसळली तर तिचे सुरे होतात, सबब निकाल तहकूब. दोनशे मायक्रॉनचे पॉलिथीन स्वस्त खरे, पण सैल राहिले तर फडफडून आणि तापल्या पाइपाशी घासून फाटते, सबब फेरतपासणी. दुपदरी पॉलिकार्बोनेट हलके, चिवट, ऊब धरणारे. परंतु सर्वगुणसंपन्न स्थळ सांगून आले म्हणजे मराठी मनाला जो संशय येतो, तोच येथे आला. सांगाड्यासाठी साखूचे लाकूड महाग. बांबू स्वस्त, पण भुंग्याचे भक्ष्य, म्हणून बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडविणे प्राप्त, आणि तेवढे मोठे पिंप कोणते घ्यावे हा स्वतंत्र प्रश्न.

ज्येष्ठातल्या बड्या मंगळी सारे अलीगंज जुन्या हनुमान मंदिराच्या वाटेवर भंडाऱ्याच्या पुरीभाजीसाठी रांगेत उभे असते, तेव्हा हा मांडवांच्या दोरखंडांच्या गाठी चाचपीत हिंडतो. आणि वारा छपराला नुसता ढकलीत नाही तर वर उचलतो, सबब खांबांना बुडाशी वजन हवे, एवढा प्रसाद घेऊन रिकाम्या पोटी घरी परततो.

नमुने मात्र येतच राहिले. नखासच्या रविवारच्या बाजारातून जुन्या काचेच्या खिडक्या, लाटूश रोडवरून पाइप, कोठूनसे बांबूंचे भारे, असा सारा ऐवज पश्चिमेच्या कुंपणालगत ‘तात्पुरता’ रचला गेला. भिंतीला आपटून वारा तिच्यावरून उडी घेतो आणि पलीकडे भोवरे घालतो. अर्धवट फटींच्या आडोशातून मात्र तो शिरतो आणि दमून बाहेर पडतो, हे ज्ञान त्याच्या टिपणवहीत होते, आणि त्या टिपणाबरहुकूम कुंपणाशी बांबू उभे होते, याचा संबंध कोणी जोडला नव्हता. बांबूंच्या आडोशाला तिरप्या टेकवलेल्या खिडक्यांखाली पत्नीने गड्डे पुरले. दव गोठायचे ते काचेवर गोठले, आणि गेल्या पौषात हरितगृहस्थाच्या पानात अळूवडी आली.

त्याने ती खाल्ली, पुन्हा मागून घेतली, उगमाची चौकशी केली आणि फीत घेऊन परसात गेला. सर्व मोजमाप टिपून झाल्यावर त्याने निकाल दिला की, सदर साहित्य अळूच्या वहिवाटीत गुंतलेले असल्याने नियोजित हरितगृहासाठी ते आता उपलब्ध नाही, सबब नव्याने नमुने मागविणे भाग आहे. आणि योगायोगाने तो रविवार असल्यामुळे, पिशवी काखेला मारून तो तत्काळ नखासकडे रवाना झाला.