दहापैकी सात

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठंही बॉनेट उघडून उभी असलेली डिझेल जीप दिसली, की शेजारी दाजी असायचेच. गाडी दाजींची, 2018 ची. आतला तिसरा इंजेक्टर मात्र मेव्हण्याच्या बाभळीखाली उभ्या असलेल्या 2014 च्या गाडीतला. जावयाला नाही म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही, म्हणून मेव्हणा गप्प.

दाजींचं एकच तत्त्व: बसतंय म्हणजे चालतंय.

हे तत्त्व अगदीच हवेतलं नाही. पंपाच्या जमान्यात इंजेक्टर म्हणजे स्प्रिंग, सुई आणि नोझल. मिस्त्री हातपंपावर फवारा बघायचा, कर्रर्र आवाज ऐकायचा, शिम बदलून दाब बसवायचा, की जुनं नोझल त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनात सुखानं नांदायचं. दाजी तिथंच शिकले. मायकोचं नाव 2008 साली बॉश झालं, तरी दाजी अजून ‘मायको’च म्हणतात.

माळेगावच्या जत्रेत घोड्याचे दात बघावेत तसा दाजी इंजेक्टर फिरवून बघतात. मग फडक्यानं काजळी पुसून तरण्या मिस्त्रीला आकडे वाचून दाखवतात.

“हे बघ, 0445110. दोन्हीवर तेच हाय का नाही?”

“दाजी, फुडचे तीन आकडे बघा की.”

“दहातले सात जुळले ना? लग्नाला छत्तीसातले अठरा पुरतात. तू कशाला भेऊलालास?”

यावर मिस्त्रीकडं उत्तर नसतं. त्याचं स्वतःचं लग्न साडेअठरावर झालेलं असतं.

पण खरी गोम त्या तीन आकड्यांतच असते. अंग तेच, डोकं तेच. नोझलची भोकं आणि त्यातून जाणारं डिझेल वेगळं असू शकतं. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 लागू झालं, धुराचे नियम आवळले, आणि बाहेरून जुळी दिसणारी इंजिनं आतून वेगळी निघू लागली. पंपाच्या जमान्यानंतर आलेल्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारचा. टायरात हवा असते अडीच बारच्या आसपास. त्यात कित्येक इंजेक्टरांच्या डोक्यावर आणखी एक कोड कोरलेला असतो. तो सख्ख्या भावाभावांचाही जुळत नाही, आणि स्कॅनर लावून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगावा लागतो. दाजींच्या मते हा कोड म्हणजे बिल वाढवायचा धंदा.

गाडी सुरू होते. हे दाजींचं सर्वांत मोठं दुर्दैव, कारण सुरूच झाली नसती तर विषय तिथंच मिटला असता. टकटक करत, काळा धूर सोडत ती लातूरच्या दिशेनं निघते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. दाजींनी त्यावर खंडोबाचं स्टिकर चिकटवलेलं आहे.

चाकूरच्या अलीकडं गाडी ओढायची थांबते. दाजी मिस्त्रीला बोलावून घेतात. तेवढ्यात लातूरहून पोराचा फोन येतो. पोरगा तिथं नीटच्या क्लासला. सराव परीक्षेत वरच्या बॅचचा कटऑफ हुकला, तीन मार्कांनी.

“तीन?” दाजी धुरातून बाहेर येत ओरडतात. “आरं, तीन मार्काला लातुरात काय किंमत हाय, कळतंय का तुला? बाकीचे आले म्हणून काय झालं?”

मिस्त्री मान वर न करता डब्यात तांब्याचं नवं वायसर शोधत राहतो.