शिकारीची सभ्यता

1887 साली थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना सभ्यता शिकवली: हरिण मोकळं हवं, पळायला त्याला वाव हवा. मारायचं आहेच, पण रीतसर. धनुष्यबाणवाल्यांचा पोप अँड यंग क्लब निराळा, 1961 चा. नोंदीसाठी शिंगं आधी 60 दिवस वाळवायची, मग इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायची. इतक्या निगुतीने आमच्या भिवंडीत जमिनीचीही मोजणी होत नसेल!

तिकडचा वाद असा, की उंच कुंपणाआड पोसलेलं हरिण पैसे मोजून बाणाने टिपलं, तर ती शिकार की खरेदी? कोल्हापूर दरबाराला असले प्रश्न पडत नसत. चित्त्याचे डोळे झाकायचे, गाडीतून त्याला माळावर न्यायचं, काळविटांचा कळप टप्प्यात आला की झापड काढायची. धाव चित्त्याची, शिकार दरबाराची. पुढे दाजीपूरचं राखीव शिकाररान 1958 मध्ये अभयारण्य झालं आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दिवाणखान्यातल्या शिंगांनाही सरकारी दाखला लागू लागला.

आमच्या भिवंडीजवळच्या कोन गावात हरिण नाही. गोदामं आहेत, खाडी आहे, आणि कंटेनरांच्या मधून भिवंडी-कल्याण रस्ता ओलांडणारा पादचारी आहे. हातात भाजीची पिशवी, एक पाय दुभाजकावर. त्याला कुंपण नाही, पळायला पूर्ण वाव आहे. क्लबाच्या साऱ्या अटींत तो बसतो. फक्त शिंगं नसल्यामुळे त्याची कुठे नोंद होत नाही.