निफाडच्या थंडीत स्लॅब

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. तेव्हा माझ्याच घराच्या स्लॅबात घालायचं केमिकल दुसऱ्या कुणी निवडणं शक्यच नव्हतं.

मुकादम मामांची रीत सोपी. माल घट्ट वाटला की मिक्सरमध्ये आणखी एक बादली पाणी. मी त्यांना थांबवून फळ्यापुढच्या थाटात सांगितलं, की जादा पाणी उडून जाताना मागे छिद्रं ठेवतं आणि काँक्रीट कमजोर होतं. त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर घातलं, की सिमेंटच्या कणांवर सारखाच विद्युतभार येतो, ते एकमेकांना ढकलतात, गुठळ्यांत अडकलेलं पाणी सुटतं आणि तेवढ्याच पाण्यात माल सैल होतो. मामा म्हणाले, "व्हय सर."

दुकानात एक साधं होतं, दुसरं रिटार्डरवालं, म्हणजे माल उशिरा सेट करणारं. दुसरं महाग, म्हणून तेच घेतलं. पोत्यामागे किती मिली, ते डब्यावर छापलं होतं. पण ग्रेस मार्कांची सवय लागलेला हात मोजून थोडाच ओततो!

माल मात्र सुरेख वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यासाठी आळी करायला वर गेलो, अंगठा टेकवला, तो आत गेला. सिमेंट ६०० मिनिटांत पुरतं सेट व्हावं, असं आयएस कोड म्हणतो. माझ्या स्लॅबाने तो वाचला नव्हता.

शेजारी जमले. "चहाची साखर सांडली का?" एकाने विचारलं. प्रश्न अपमानाचा, पण शास्त्रशुद्ध: सिमेंटच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे पोत्याला २५ ग्रॅम, मालाला काही तास रेंगाळत ठेवते. दुसऱ्याने मीठ टाकायला सांगितलं. क्लोराइडने माल लवकर धरतो खरा, पण सळया गंजतात. मग दिवसभर मी मिठापासून स्लॅबाची राखण करत बसलो.

मामा शेवटी बोलले. "सर, हे औषध मे महिन्याचं. उन्हात माल लगेच धरतो, तवा टाकायचं. डिसेंबरात निफाडला माल आपसूकच उशिरा धरतो."

राज्यातल्या नीचांकी तापमानात आमच्या निफाडचं नाव आलं, की ती बातमी मी वर्गात अभिमानाने वाचून दाखवतो.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही शिकवत व्हता ना."

स्लॅब उशिरा का होईना, पक्का धरला. सेंटरिंगवाल्याने प्लेटांचं जादा भाडं लावलं. उरलेला डबा मामांनी मागून नेला. मे महिन्यात त्यांच्या लेकाच्या घराचा स्लॅब होता.