मध्येच उतरू इच्छिणाऱ्यांसाठी विमानप्रवास

नागपूरचा माणूस विमानाला घाबरतो, हे बाहेरगावच्यांना पटत नाही. देशाच्या मधोमध गाव, डोक्यावरून अहोरात्र विमानांची ये-जा, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, मिहानमध्ये बोइंगने उभारलेला विमानदुरुस्तीचा कारखाना. इतक्या विमानांच्या संगतीत राहणाऱ्याला कसली आली भीती? पण घाबरट माणसाचं तर्कशास्त्र वेगळं असतं. दुरुस्तीला एवढा मोठा कारखाना लागतो म्हणजे ही विमानं बिघडत असणारच, एवढंच त्याला मिहानवरून जाताना सुचतं.

प्रस्तुत मार्गदर्शकाला या विषयाचा बावीस वर्षांचा अनुभव आहे. त्यातली एकवीस वर्षं विमानात न बसण्याची असली तरी तो अनुभव कमी लेखू नये. न बसायलाही कष्ट पडतात.

पहिली पायरी: भीतीला भीती म्हणू नका. 'आपल्याले काही भेव नाही जी, पण विमानात मजा नाही,' असं म्हणा. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसावं, बडनेऱ्याच्या आसपास डबे उघडावेत, सकाळी मुंबईत तोंड धुवावं, याला प्रवास म्हणतात, हे चार लोकांत ठासून सांगा. हिशेबी मंडळी समोर असतील तर कागद-पेन काढा. विमानाचा दीड तास, त्याआधीचे दोन तास विमानतळावर, उतरल्यावर मुंबईच्या गर्दीतले दोन. तिकडे समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, जून 2025 पासून पूर्ण खुला, सरकार म्हणतं आठ तास. 'मग फरक राहिला किती?' हा प्रश्न विचारून पेन खिशात ठेवा. उत्तराची वाट पाहू नका, कारण फरक बराच राहतो. अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. कारण विचारल्यावर 'देशाची प्रगती' असं सांगितलं.

ही पायरी आयुष्यभर पुरते, फक्त मुलीने बेंगळुरूला संसार थाटता कामा नये. आमच्या मुलीने थाटला. पुढे यथाक्रम बाळंतपणाची तारीख आली. मी रेल्वेचं वेळापत्रक काढलं तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी विमानानं जाऊन राहिले. तुम्ही या मागून. नातू शाळेत जायला लागेल तोवर पोहोचाच."

म्हणून दुसरी पायरी: निदान. माणसाला विमान पडण्याची भीती वाटते, असा समज आहे. मी स्वतःला नीट तपासून पाहिलं. पडण्याचं आम्हाला फारसं काही नाही. पावसाळ्यात या शहरात दुचाकी चालवणाऱ्याचा पडण्याशी जुना परिचय असतो. खरी अडचण उतरण्याची आहे. नागपुरात कुठलंही वाहन 'इथंच थांबव भाऊ' म्हटलं की थांबतं. ऑटो थांबतो, आपली बस सिग्नलवर दार उघडते, लग्नाची वरात मध्येच थांबवून लोक पान खाऊन येतात. विदर्भ एक्स्प्रेसला साखळी आहे. मी ती कधी ओढली नाही, पण ती आहे, एवढ्यावर मला अकोल्यापर्यंत झोप लागते. विमानात साखळी नाही. दार बंद झालं की बेंगळुरूपर्यंत तुमच्या मताला किंमत शून्य.

आणि इथे नागपूरकराच्या जखमेवर मीठ पडतं, कारण एके काळी आकाशातलं वाहनसुद्धा या गावात थांबत होतं. 30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही आपापलं विमान बदलायचे आणि उजाडायच्या सुमाराला चारी विमानं चार दिशांना परत. मुंबईच्या पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. सगळ्या देशाचा पत्रव्यवहार अर्ध्या रात्री आमच्या अंगणात हात बदलत होता.

ही योजना दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांची. तिला कडाडून विरोध केला तो जेआरडी टाटांनी. रात्रीच्या उड्डाणाला लागणाऱ्या सोयी पुरेशा नाहीत, हा त्यांचा एक आक्षेप. म्हणजे विमानात बसायला कां-कू करणाऱ्यांच्या यादीत थेट जेआरडी! (हेच जेआरडी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून मुंबईपर्यंत टपालाचं विमान एकट्याने घेऊन आले होते. त्यांची हरकत आणि आपली धडधड यांत फरक आहे, पण तो चारचौघांत सांगायची गरज नाही.)

त्या काळची डाकोटा विमानं आजच्यासारखी हवाबंद नव्हती. ती ढगांच्या फार वरून जायची नाहीत, वाटेतलं हवामान अंगावर घेतच यायची. त्यात ती काळोखी रात्र. तरीही मला ती सेवा घाबरट माणसासाठी आखलेली आदर्श योजना वाटते. अर्ध्या वाटेवर पाय जमिनीला लागायचे. चहा मिळायचा. आणि ज्याचं मन पुढे जायला तयार नसेल, त्याला मान ताठ ठेवून 'माझं नागपुरातच काम आहे' असं म्हणता यायचं. 1973 मध्ये ही सेवा बंद झाली. तेव्हापासून विमानं वरून जातात.

तिसरी पायरी: यंत्रावर विश्वास ठेवू नका, म्हणजे स्वतःच्या आतल्या यंत्रावर. मे 2024 मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान यंत्राने नागपूरचं तापमान 56 अंश दाखवलं. देशभर हाहाकार झाला. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी गाव तापलं होतं हे खरंच, पण 56 नाही. आपल्या छातीत असाच एक सेन्सर बसवलेला आहे. विमान जरा हललं की तो 56 दाखवतो. त्याला खोटं पाडायला जाऊ नका. 44 अंश आहेत, एवढं मान्य करा आणि पाणी प्या.

चौथी आणि पाचवी पायरी दीर्घ श्वसन आणि सकारात्मक विचार यांची आहे. ती सगळीकडे छापून येते. पुढे चला.

सहावी पायरी: आवाज ओळखायला शिका. घाबरट माणसाचे कान विमानात बसल्यावर शास्त्रीय गायकापेक्षा तयार होतात, फक्त राग चुकीचा ओळखतात. विमान जमिनीवर असताना पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा घर्र-घर्र आवाज आला तर सामानात कुणाचं कुत्रं आलेलं नाही. एअरबस ए-320 जातीच्या विमानात तेलाचा दाब एका बाजूकडून दुसरीकडे पोहोचवणारं एक यंत्र असतं, त्याचा हा गळा. उडाल्यावर धप्प आवाज येतो तो चाकं पोटात घेतल्याचा. त्यानंतर मिनिटभरात इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडतो. याच क्षणी मी डोळे मिटून सगळ्यांचे अपराध माफ केले होते. प्रत्यक्षात वैमानिक उड्डाणाचा पूर्ण जोर कमी करून चढणीच्या जोरावर येतो, आपण चढावर गिअर बदलतो तसा. विमान वरच चाललेलं असतं.

त्याच वेळी शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "भाऊ, घाबरून राहिले का?"

"नाही जी. एसी जास्त आहे."

"मग घाम काऊन येऊन राहिला?"

या प्रश्नाला मार्गदर्शकाकडे उत्तर नाही.

सातवी पायरी: हादऱ्यांची. हवेत खड्डे नसतात. मे महिन्यात दुपारी वर बघा. घारी पंख न हलवता गोल गोल वर चढताना दिसतील. आमची काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा फुगून वर उठते आणि घार त्या हवेवर फुकट बसते. त्याच उठत्या हवेतून विमान आडवं जातं तेव्हा आपण देवाचं नाव घेतो. घारीला जे सुख तेच आपल्याला दुःख. म्हणून उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्यावं, जमीन तापायच्या आत. जागा पंखांजवळची घ्यावी, तिथे झोके कमी लागतात. शेपटाकडची जागा म्हणजे बैलगाडीचं मागचं टोक. आणि पट्टा बांधूनच ठेवावा. हादऱ्यांत लागतं ते बहुतेक पट्टा सोडून बसलेल्यांना.

आठवी पायरी पोटाची आहे आणि ती मोठ्या किमतीने शिकलो. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण दोन हजार मीटरच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. बाहेरचा दाब उतरला की बंद जागेतली हवा फुगते, आणि माणसाचं पोट ही बंद जागा आहे. आदल्या रात्री सावजीचं जेवण आणि निघताना कस्तुरचंद पार्काजवळ तर्री-पोहे, दोन वेळा वरून तर्री, असा ज्याचा बेत झाला, त्याने पुढची घालमेल भीतीच्या खात्यावर मांडू नये. खर्ऱ्याचंही सांगून ठेवतो. मन शांत करायला खर्रा खाणारे खूप आहेत, पण विमानाची खिडकी उघडत नाही. एवढं म्हटलं की सुज्ञांना पुढचं कळावं.

नववी पायरी: इंजिन बंद पडलं तर? या प्रश्नाने माझी दहा वर्षं खाल्ली. एक बंद पडलं तर विमान दुसऱ्यावर चालतं, त्यासाठीच ते बांधलेलं असतं. दोन्ही बंद पडली तर ते दगडासारखं खाली येत नाही, घसरत येतं. दहा किलोमीटर उंचीवरून मोठं प्रवासी विमान दीडशेच्या आसपास किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. म्हणजे नागपूरच्या डोक्यावर इंजिनं थांबली तर सरळ रेषेत अमरावती. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल 2025 पासून प्रवासी विमानं सुटतात. तिथली धावपट्टी लहान विमानांपुरती आहे, पण तेवढा काथ्याकूट आत्ता नको. जुलै 1983 मध्ये कॅनडात एका बोइंग 767 चं इंधन भर आकाशात संपलं. भरताना किलो आणि पौंड यांचा घोळ झाला होता. असा घोळ इतवारीतल्या किराणा दुकानदाराने केला असता तर गिऱ्हाइकाने तराजू डोक्यात घातला असता. वैमानिकांनी ते विमान तसंच तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर टेकवलं. त्या पट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यतीचा कार्यक्रम चालला होता. आतले 69 च्या 69 जण वाचले. मध्येच उतरण्याची इच्छा पुरी झालेले प्रवासी म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

दहावी पायरी दैवी उपायांची. टेकडीच्या गणपतीला जरूर जावं, मात्र तो रेल्वे स्टेशनजवळ आहे हे लक्षात असू द्यावं. दर्शन घेऊन बाहेर पडलं की स्टेशन समोर दिसतं आणि पाय आपोआप तिकीटघराकडे वळतात. माझे दोनदा वळले. तेव्हा मी मारबतीचा मार्ग काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे असतात, वर्षभरातली जी काही पीडा असेल तिचे पुतळे. 'घेऊन जा गे मारबत' असा ओरडा करत ते गावाबाहेर नेऊन जाळतात. भ्रष्टाचाराचा बडग्या होतो, महागाईचा होतो, मग माझ्या भीतीचा का नको? पोळा लांब होता म्हणून घरच्या घरीच पुठ्ठ्याचा केला. पण भीतीचा चेहरा काही केल्या जमेना, म्हणून नुसतं विमान केलं, पंख लावले आणि गच्चीवर नेऊन काडी ओढली. सौभाग्यवती धुराच्या वासाने वर आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

"निघायच्या आठ दिवस आधी," त्या म्हणाल्या, "विमान जाळून राहिले?"

त्या आठ दिवसांचं वर्णन करत नाही. हा उपाय यादीतून खोडावा.

गेलो. जाताना खिडकीकडे त्या बसल्या, मधे मी, कडेला ते घाम मोजणारे गृहस्थ. दार बंद होताना मी हवाईसुंदरीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्यांना रोज दिसत असावी. पाण्याचा पेला न मागता आला. वर पोहोचल्यावर ढग खाली गेले आणि सौभाग्यवतींनी पर्समधून संत्रा बर्फीचा डबा काढला. त्या गृहस्थांनाही दिली. "हे असं मस्तपैकी बसून राहायचं असते," ते बर्फी खात मला म्हणाले, "कोणाले काही सांगायचं नसते, कोणी ऐकूनही नाही राहिलं." इतका मोलाचा सल्ला मला मार्गदर्शक पुस्तकांत मिळाला नव्हता. दोन तासांच्या आत बेंगळुरू आलं. चाकं टेकल्या टेकल्या माझं एकट्याचं नव्हे, शंभर माणसांचं एकदम उभं राहून झालं. सगळ्यांनाच उतरायचं होतं की!

नातू झाला. येताना पुन्हा विमान. पुढच्या खेपेला तिकीट मीच काढलं. भीती गेली का, असं लोक विचारतात. मी पहिल्या पायरीवर परत जाऊन 'आपल्याले कुठं होती?' असं म्हणतो.

उन्हाळ्यात अजूनही आम्ही गच्चीवर झोपतो, कूलरने हात टेकले की. बाराच्या सुमाराला वरून एक दिवा लुकलुकत दक्षिणेला जातो. दीड-दोनशे माणसं असतील त्यात. त्यातला कुणीतरी एक जण नक्की पट्टा आवळून बसला असेल आणि खाली आमच्या गावचे दिवे बघून मनातल्या मनात म्हणत असेल, इथंच थांबव भाऊ. थांबलं असतं जी. 1973 पर्यंत थांबत होतं.