निरोप्या

भाऊबंदकी चालवायला दोन भाऊ पुरतात, हा गैरसमज आहे. तिसरा लागतोच, तो निरोप्या. वय सोळा-सतरा, मिशीचा नुसता इरादा, पाठीवर सॅक.

माझ्या पाहण्यातला निरोप्या अकरावीला, जळगावात मोठ्या आबांकडे, म्हणजे चुलत्यांकडे राहतो. पप्पा धुळ्याला. विहिरीवरच्या मोटरीपायी भावांनी बोलणं टाकलंय, मोबाइलवर एकमेकांना ब्लॉक केलंय. पोराला ठेवून घ्यायला मात्र हरकत नाही. भांडण भावाशी, पोरगा घरचा!

रविवारी पप्पा गरजतात, "त्याले सांग, मोटर मनी शे! तो कोन शे?" पोरगा मान हलवून जळगावची एस.टी. धरतो. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता; घाई नसते. पारोळ्यापर्यंत तो निरोपातला दम काढतो, एरंडोलला त्यात विनंती घालतो. जळगावच्या स्टँडवर उतरतं ते असं : "आबा, पप्पा विचारत होते, मोटरीसाठी तुमच्या ओळखीचा मिस्त्री आहे का?" आबा फुत्कारतात, "त्याले अक्कल शे का?" पुढच्या शनिवारी हे धुळ्यात पोचतं, "आबांनी तब्येत विचारलीय."

स्वतःचा निरोप मात्र त्याला पोचवता येत नाही. सायन्स सोडून आर्ट्सला जायचंय. तेवढंच वाक्य तो खिडकीशी बसून पाठ करतो. घरात पाय ठेवला की आधी मोटरच निघते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून घेतात, आणि रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. म्हणजे आबांच्या मुठी धरायच्या की नाहीत? सगळं घर हाच प्रश्न टाळत होतं. पोरानं जळगावात सांगितलं, "पप्पांनी तुमच्या मुठी धरल्यात." धुळ्यात सांगितलं, "आबा विचारत होते, आमच्या धरल्या का?" दोन्ही थापा. (देवीच्या कामात चालतात, असं माझं मत.) पप्पांनी मुकाट्यानं गहू वाढवले.

आबा आले. पंगतीत दोघं भाऊ शेजारी, तोंडं दोन दिशांना. पोरगं वाढायला.

"त्याले इचार, खीर पाहिजे का?"

"त्याले सांग, अर्धी वाटी."

हातभर अंतरावरून निरोप आला-गेला.

पोरगं म्हणालं, "पप्पा, आबांना दोन वाट्या."