विद्युत पियानो आणि गृहसौख्य

विद्युत पियानो म्हणजे असे वाद्य की ज्यात आवाज निर्माण करण्याचे काम यंत्राकडे आणि तो मोठा करण्याचे काम विजेकडे असते. पट्टी दाबली की आतली हातोडी धातूच्या सळईवर किंवा पातीवर खरोखरच आपटते, त्या धातूचा कंप विजेच्या प्रवाहात उतरतो आणि ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो. पुढे आलेल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये, ज्याला मराठी घरांतून कंपनी कोणतीही असली तरी ‘कॅसिओ’च म्हणतात, पट्ट्यांखेरीज काहीच हलत नाही आणि म्हणून बिघडल्यावर आत पाहण्यासारखेही काही नसते. विद्युत पियानोचे झाकण काढले की मात्र हातोड्या, तरफा, स्प्रिंगा आणि नमद्याचे तुकडे यांचा अख्खा कारखाना दृष्टीस पडतो. आणि ज्या घरात अभियंता वडील व स्क्रूड्रायव्हर एकाच छपराखाली नांदत असतात त्या घरात हे झाकण गरजेपेक्षा बरेच जास्त वेळा निघते.

या वाद्याच्या वंशावळीत काही पूर्वज अनपेक्षित आहेत. रसायनशास्त्राचे १९२० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे वाल्टर नेर्न्स्ट यांनी उष्मागतिकीचा तिसरा नियम मांडून झाल्यावर, १९३०च्या सुमारास बर्लिनमध्ये, बेख्श्टाइन आणि सीमेन्स या कंपन्यांच्या मदतीने एक विद्युत पियानो घडवला आणि त्यात रेडिओ व ग्रामोफोनचीही सोय केली. म्हणजे वाजवणाऱ्याचा कंटाळा आला तर त्याला जागचे न उठवता दुसरे काही ऐकता यावे. अमेरिकेत हॅरॉल्ड ऱ्होड्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जखमी सैनिकांना खाटेवर पडल्यापडल्या वाजवता यावे म्हणून, बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या टाकाऊ ॲल्युमिनियम नळ्या कापून २९ पट्ट्यांचे एक बिनविजेचे वाद्य केले, आणि पुढे त्यांच्याच नावाचा विद्युत पियानो जॅझवाल्यांच्या हाती जाऊन जगभर गाजला. तिसरी शाखा बेंजामिन मीसनर या संशोधकाच्या एकस्वांवर उभी राहिलेली. ती १९५४-५५च्या सुमारास वुर्लिट्झर कंपनीने बाजारात आणली आणि प्रस्तुत लेखाचा विषय प्रामुख्याने हीच शाखा आहे.

वुर्लिट्झरच्या या पियानोत ६४ पट्ट्या असतात, म्हणजे मोठ्या पियानोपेक्षा २४ कमी. प्रत्येक पट्टीमागे पोलादाची एक पाती असते आणि ही पाती धातूच्या एका पट्टिकेत कापलेल्या खाचेत, कडांना न टेकता, कंप पावते. पट्टिकेवर सुमारे दीडशे व्होल्टचा दाब असतो. पाती हलली की तिच्यातले आणि पट्टिकेतले अंतर बदलते, अंतर बदलले की विद्युतधारणा बदलते, आणि हा बदल म्हणजेच सूर. पातीच्या टोकाला सोल्डरचा एक गोळा चिकटवलेला असतो. तो कानशीने घासून हलका केला की सूर चढतो, त्यावर आणखी सोल्डर चढवले की उतरतो. हे तत्त्व समजायला दोन मिनिटे पुरतात आणि त्यामुळेच ते गृहस्थाश्रमी माणसाला घातक ठरते.

ज्या घराच्या आधारे पुढील विवेचन केले आहे ते इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेला होते. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्याने अभियंते आणि डॉक्टर यांना दार उघडल्यावर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांपैकीच हे एक. या घराशी प्रस्तुत लेखकाचा संबंध जन्माचा असल्यामुळे संशोधकाला शोभणारी तटस्थता येथे सर्वत्र आढळेलच असे नाही. वुर्लिट्झरने त्या काळी शाळांसाठी संगीताच्या प्रयोगशाळा पुरवल्या होत्या. एका वर्गात अनेक विद्युत पियानो, प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानाला हेडफोन, आणि शिक्षकाच्या मेजावर कोणाचे ऐकायचे ते ठरवणारी बटणे, अशी ती व्यवस्था होती. अशाच एका वर्गाची मोडतोड झाल्यावर विक्रीला निघालेले बदामी रंगाचे एक वाद्य वडिलांनी घरी आणले. ‘स्वस्तात मिळाले’ हे त्याच्या खरेदीचे पहिले कारण होते, ‘मुलांच्या बोटांना वळण लागेल’ हे दुसरे, आणि तिसरे कारण कोणी विचारले नाही.

घरात ते आल्याबरोबर त्याच्यावर भरतकामाचे आच्छादन पडले आणि आच्छादनावर फुलदाणी आली. मराठी मध्यमवर्गात वस्तू वापरण्याआधी ती झाकण्याची पद्धत आहे, आणि सातासमुद्रापलीकडे गेल्याने तिच्यात फरक पडत नाही. मुलांनी वाजवायला बसण्यापूर्वी फुलदाणी उतरवणे, आच्छादनाची चौघडी करणे आणि ‘पाणी सांडलं तर शॉक बसेल’ हे वाक्य ऐकून घेणे, एवढा पूर्वरंग ठरलेला असे.

वाद्याचे खरे नाते सर्वप्रथम ओळखले ते सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांनी. झाकण उघडे असताना त्यांनी आत डोकावून पाहिले आणि ‘अहो, ही तर पेटीच’ असा निर्णय दिला. तो शास्त्रीयदृष्ट्या फारसा चुकीचा नव्हता. बाजाच्या पेटीतही पातीच असते, फक्त तिला तेथे भात्यातली हवा हलवते आणि येथे हातोडी. आजोबांचे तारुण्य हौशी संगीत नाटकांच्या साथीला पायपेटीवर बसण्यात गेले होते. पायपेटी म्हणजे दोन्ही पायांनी भाते हलवून वाजवायचा ऑर्गन. पाय थांबला की सूर थांबला, हा तिचा धर्म. विद्युत पियानोला खाली एकच पायटा असतो आणि तो दाबला की दाबपट्ट्या उचलल्या जाऊन वाजलेले सगळे सूर लांबतात. आजोबांनी जन्माच्या सवयीने तो तालात हलवायला सुरुवात केली, आणि त्यामुळे नांदी एकदा सगळे सूर एकमेकांत मिसळून आणि एकदा सगळे सूर एकदम तोडून अशी ऐकू येऊ लागली. ‘भाता फाटलाय,’ असे त्यांनी निदान केले. भाता नाहीच, हे त्यांना तीन वेळा सांगण्यात आले आणि तिन्ही वेळा त्यांनी ते सहानुभूतीने ऐकून घेतले.

पेटीच्या कुळात हालअपेष्टा नव्या नाहीत. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिचे सूर आधीच बांधलेले असल्यामुळे तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही. ही बंदी १९७१पर्यंत पूर्णपणे टिकली. योगायोग असा की वुर्लिट्झरला प्रसिद्धी मिळवून देणारे रे चार्ल्स यांचे १९५९चे ‘व्हॉट्ड आय से’ हे गाणेही अमेरिकेतल्या कित्येक रेडिओ केंद्रांनी वाजवायचे नाकारले. तेथे मींड हे कारण नव्हते. गाण्यातले उद्गार सभ्य घरांना झेपणारे नव्हते. आजोबांना ही तुलना सांगितली असती तर त्यांना पटली असती, परंतु मग गाणे ऐकवावे लागले असते.

वाद्यावर दोन खुंट्या होत्या: एक आवाज वाढवण्याची आणि दुसरी ‘व्हायब्रॅटो’ असे लिहिलेली. संगीतशास्त्राप्रमाणे व्हायब्रॅटो म्हणजे सुराच्या उंचीतला कंप. या खुंटीने मात्र सुराची उंची जागच्या जागी राहून आवाज सेकंदाला पाच-सहा वेळा लहानमोठा होतो, म्हणजे लिहिलेले एक आणि होणारे दुसरे. गणेशोत्सवात आसपासची दहा-बारा मराठी कुटुंबे या घरी जमत आणि आरतीला साथ या पियानोची असे. धाकट्या मुलीने ही खुंटी कोणाच्या नकळत शेवटपर्यंत फिरवून ठेवल्यावर पहिल्याच कडव्यात वाद्य थंडी भरल्यासारखे कापू लागले, आणि भक्तमंडळींपैकी निम्म्यांनी ते सद्गदित झाल्याचे लक्षण समजून आपलेही आवाज कापरे केले. त्या वर्षीची आरती फार भावपूर्ण झाली, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले जाई.

दसऱ्याची पूजा मात्र वाद्याला मानवली नाही. घरातल्या टाइपरायटर, स्लाइड रूल आणि मोटारीबरोबर पियानोवरही हळदकुंकू आणि अक्षता पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सप्तकातली काळी तीन खाली जाईना. ज्या वाचकांना पेटीची परिभाषा परिचित नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगायचे की मराठी गायकवादक सप्तकातल्या पट्ट्या रंगाने आणि क्रमाने मोजतात. पांढरी एक ते पांढरी सात आणि काळी एक ते काळी पाच. पट्टीखाली तांदळाचा एक दाणा निघाला, त्याच्यावर कुंकू होते, म्हणून तो टाकून न देता तुळशीत ठेवण्यात आला.

दाणा काढण्यासाठी झाकण निघाले ते वडिलांच्या दृष्टीने चांगलेच झाले, कारण सूर जुळवण्याचा त्यांचा मानस केव्हापासूनचा होता. सूर जुळवायला एक खात्रीचा आधारस्वर लागतो आणि तो त्यांनी टेलिफोनमध्ये शोधून काढला. अमेरिकेत टेलिफोन उचलल्यावर येणारा घूं असा आवाज ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन स्वरांचा मिळून झालेला असतो. त्यांतला ४४० हा पाश्चात्त्य वादकांचा आधारस्वर म्हणजे पांढरी सहा, आणि ३५० हा जवळजवळ तंतोतंत पांढरी चार. ‘तुमचा टेलिफोन पांढरी चारचा षड्ज लावून शुद्ध गंधार धरतो,’ असे आजोबांनी सांगितले आणि परदेशातल्या व्यवस्थेबद्दल त्यांचे मत पहिल्यांदाच अनुकूल झाले.

कामाची पद्धत अशी होती: पातीचा स्क्रू सोडवायचा, सोल्डरच्या गोळ्यावर कानस मारायची, पाती पुन्हा बसवायची, स्क्रू आवळायचा, रिसीव्हर कानाला लावायचा आणि पट्टी वाजवायची. सूर कमी असे तर पुन्हा तेच. सूर जास्त झाला तर सोल्डरिंग आयर्न तापवून नवा थेंब चढवायचा, आणि तो नेहमी हवा त्यापेक्षा मोठा पडे, म्हणून पुन्हा कानस. नंबर न फिरवता रिसीव्हर काही वेळ उचलून ठेवला की टेलिफोन कंपनी आधी ध्वनिमुद्रित बाईकडून समज देत असे आणि मग कर्कश भोंगा वाजवत असे, त्यामुळे दर पातीमागे एकदा तो भोंगा घरभर घुमे. कानशीने पडलेला सोल्डरचा कीस पाती आणि पट्टिका यांच्या फटीत गेला की कडकड असा आवाज येतो. म्हणजे एक पाती सुरात आली की शेजारच्या दोन आजारी पडत. वडिलांनी या उपक्रमाला पूर्ण हिवाळा दिला. मार्चमध्ये वाद्य सुरात आले ते कोणत्या सुरात, यावर मात्र त्यांचे आणि आजोबांचे एकमत झाले नाही.

परंतु बालपणाच्या दृष्टीने विचार केला तर या वाद्याची खरी देणगी ना त्याची पाती, ना त्याची खुंटी. ती म्हणजे हेडफोनचे भोक. त्यात हेडफोन खुपसला की ध्वनिवर्धक बंद होतो आणि वाजवणाऱ्याखेरीज कोणाला काही ऐकू येत नाही. उत्पादकांनी ही सोय शेजाऱ्यांच्या शांततेसाठी केली होती. ज्या घरात खोलीचे दार लावले की ‘काय चाललंय आत?’ असा प्रश्न येतो, त्या घरात मात्र तिचा अर्थ निराळा होता. दिवाणखान्यात, सर्वांच्या डोळ्यांदेखत बसून, मुलाला संपूर्ण एकांत मिळवून देणारे हे बहुधा पहिलेच यंत्र. वीज बंद असली काय किंवा आवाज कानातच कोंडलेला असला काय, पट्ट्या आणि हातोड्या यांचा ठक्‌ठक् असा कोरडा आवाज मात्र येतच राहतो. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी आई रियाज चालू आहे की नाही ते या ठक्‌ठकीवरून ठरवीत असे. हे लक्षात यायला थोरल्या मुलाला फार दिवस लागले नाहीत. त्याने डाव्या हाताची बोटे कोणत्याही पट्ट्यांवर समान लयीत चालवायची आणि उजव्या हाताने, स्वरलिपीच्या पुस्तकाआड ठेवलेला, भारतातून बोटीने आलेला ‘चांदोबा’ वाचायचा, अशी विभागणी केली. विक्रम आणि वेताळ यांच्या गोष्टीत वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकला की लय किंचित मंदावे, आणि आतून ‘झोपलास का रे?’ असे विचारले जाई. पियानोच्या शिक्षिकेने वर्षअखेरीस लिहिले की मुलाचा डावा हात विलक्षण स्थिर आहे आणि बाकी प्रगती काही आढळत नाही. आईने त्यातला पहिला भाग शिकागोभर सांगितला.

असे वाद्य फार काळ तगणारे नव्हते. १९८३मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्याच्यात विद्युत पियानोचा आवाज केवळ आकडेमोडीने निघत असे, ज्याला घासायला सोल्डर नाही आणि अडकायला अक्षता नाही. वुर्लिट्झरचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले. आज हीच यंत्रे ‘व्हिंटेज’ म्हणून मोठ्या किमतीला जातात, आणि ज्यांनी ती एके काळी जागा अडवतात म्हणून देऊन टाकली त्यांना हे ऐकवणे योग्य नव्हे.

तथापि ज्या वाचकांच्या परदेशस्थ नातलगांच्या तळघरात असे एखादे वाद्य अजून पडून असेल त्यांनी ते पाहताक्षणी विजेला जोडू नये. चार-पाच दशके जुने कपॅसिटर आधी जाणकाराकडून बदलून घ्यावेत. ते भारतात आणायचे असल्यास अमेरिकेची वीज ११० ते १२० व्होल्टची आणि आपली २३०ची, हे ध्यानात ठेवून मध्ये योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लावावा. पात्यांना कानस घरच्या कोणीही लावू नये, मग तो अभियंता असो वा नसो.