गाडी विचाराधीन आहे

आमच्या साडूंची गाडी विचारी आहे. उंच, ऐसपैस, काळी कुळकुळीत, ऑटोमॅटिक एसयूव्ही. किंमत लिहीत नाही. ती ऐकून सासूबाई "एवढ्यात दोन खोल्या आल्या असत्या की हो" असं म्हणाल्या होत्या, आणि साडूंनी ते अजून मनातून काढलेलं नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. तिने आम्हाला दुखण्याचं नाव सांगितलेलं नाही, आम्ही तिचं सांगत नाही, फिट्टंफाट.

दुखणं असं. गाडी मजेत चाललेली असते. पुढे मोकळा रस्ता दिसतो, साडू ॲक्सिलरेटर दाबतात. गाडी ऐकून घेते आणि काहीच करत नाही. एक सेकंद जातो, दीड जातो. साडू आणखी दाबतात. मग अचानक ती अशी उसळते, की माझ्या हातातला चिवडा मागे सासूबाईंच्या पदरात जातो. हे दर वेळी होत नाही, ही खरी पंचाईत. दर वेळी झालं असतं तर सवय झाली असती. संसारात माणूस कशाकशाची सवय करून घेतो. सर्व्हिस सेंटरच्या पोराला शेजारी बसवलं, की मात्र पाय टेकायच्या आत पळते. त्याने कॉम्प्युटर जोडून पाहिला, एकही फॉल्ट कोड नाही. "सर, हे नॉर्मल आहे, गाडीचं कॅरॅक्टरच तसं आहे," असं म्हणत त्याने सॉफ्टवेअर अपडेट मारून दिलं. वर गाडी धुऊन दिली, तेवढं मात्र चोख.

अशा या गाडीतून आम्ही चैत्रात जुन्नर-आंबेगावच्या देवदर्शनाला निघालो. सासूबाईंचं लेण्याद्री, ओझर आणि भीमाशंकर राहिलं होतं. पुढे साडू आणि मी, मागे दोघी बहिणी आणि मध्ये त्यांच्या मातोश्री.

भोसरी सुटल्यापासून राजगुरुनगर येईपर्यंत साडूंनी मला गाडीचं शास्त्र ऐकवलं. पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत सरळ वायर असायची. पाय इकडे दाबला, की तिकडे ओढ बसायची. आता वायर गेली. पेडलपाशी सेन्सर बसवलेत, तेही दोन, आणि दोघांचं म्हणणं जुळलं तरच निरोप पुढे जातो. पुढे इंजिनाचा कॉम्प्युटर. तो गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला विचारतो. गिअर आठ, आणि पेट्रोल वाचावं म्हणून गाडी संधी मिळाली की वरच्या गिअरमध्ये जाऊन बसलेली असते. एकदम जोर मागितला तर तिला दोन-तीन गिअर खाली उतरावं लागतं. उतरली तरी टर्बो फिरायला हवा. तो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसवर, आणि गॅस यायला आधी इंजिनाने जोर केला पाहिजे.

"म्हणजे तुम्ही दाबता तो हुकूम नाही, अर्ज आहे," मी म्हणालो.

साडू पंचवीस वर्षं सरकारी कंत्राटं घेतात. त्यांना पटकन पटलं.

"आवक-जावकला नोंद. दोन कारकुनांच्या सह्या."

"सह्या जुळल्या नाहीत तर अर्ज परत."

"जुळल्या तर साहेबांच्या टेबलावर. साहेब म्हणणार, गिअर शाखेचा अभिप्राय घ्या."

"गिअर शाखा सातव्या मजल्यावर चहा पीत बसलेली. ती खाली येईपर्यंत आपण विचाराधीन!"

"आणि अर्जदाराने दुसरा अर्ज टाकला, की दोन्ही एकदम मंजूर," असं म्हणून साडूंनी खेडच्या नव्या घाटरस्त्याला एक ट्रक ओलांडायला पाय दाबला. ट्रक संपूर्ण वळण आमच्या बरोबरीने चालला. ट्रकवाल्याने खिडकीतून पाहून "जायचंय का नाय?" असं हाताने विचारलं. त्याच क्षणी मंजुरी आली.

नारायणगावला मिसळ खाल्ली. ती ज्याने त्याने आपापल्या हिमतीवर खावी, तिच्यावर मी लिहिणार नाही. गावात तमाशाच्या राहुट्या लागल्या होत्या. पाडव्यापासून यात्रांचा हंगाम, गावोगावचे पुढारी इथे येऊन सुपारी देतात. राहुटीत सौदा दहा मिनिटांत ठरतो. आम्हाला मात्र हॉटेलच्या दारातून रस्त्यावर यायचं होतं आणि ते ठरेना. डावीकडून मोटारसायकली, उजवीकडून टोमॅटोचे क्रेट लादलेला पिकअप. मध्ये फट दिसली, साडूंनी पाय दाबला, गाडीचं नाक रस्त्यावर आलं आणि तिला प्रश्न पडला. पिकअपवाल्याने करकचून ब्रेक मारला. वरच्या क्रेटमधले तीन-चार टोमॅटो आमच्या बॉनेटवर आले. तो चिडला नाही, उलट काळजीने म्हणाला, "दादा, बंद पडली का? धक्का मारू?" एवढ्या किमतीच्या गाडीला धक्का मारायची भाषा ऐकून साडूंचा चेहरा टोमॅटोला शोभेसा झाला.

तिथून जवळच खोडदची महादुर्बीण आहे, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही एकाजागी, बाकीच्या तीन दिशांना शेतांतून लांबवर पसरलेल्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली क्षीण रेडिओ कुजबुज त्या इथे बसून टिपतात. आमच्या गाडीला दीड फुटावरचा पाय ऐकू येत नव्हता.

लेण्याद्रीला मात्र गाडी पायथ्याशी ठेवावी लागते, ही त्या गणपतीची कृपा. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. अष्टविनायकांत डोंगरावरच्या लेण्यात बसलेला गणपती हा एकटाच. लेणी मूळ बौद्ध, त्यातल्या सातव्यात गिरिजात्मज. सासूबाईंनी डोली केली. डोलीवाल्यांनी "चला आजी" म्हटलं आणि खांद्याला दांडा लागायच्या आत डोली चार पायऱ्या वर गेली. "बघा," सासूबाई वरून ओरडल्या, "म्हटलं की लगेच!" साडू पायऱ्या मोजण्यात गढल्याचं दाखवत राहिले. समोर शिवनेरी उन्हात उभा होता. तिथेही जायचं म्हणून धाकटी बहीण हटून बसली, पण गडाच्या वाटेच्या चढावर गाडीने काय ठरवलं असतं याचा अंदाज कुणालाच नव्हता, म्हणून महाराजांना खालूनच मुजरा केला.

ओझरहून निघायला दिवस मावळला. कुकडीच्या पाण्यावर हा भाग उसाने गच्च भरलेला आहे, आणि उसात बिबटे राहतात. इथे ही काही अफवा नाही. बिबट्याच्या माद्या उसातच वितात, तोडणीच्या वेळी बछडे सापडतात, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं निवारा केंद्रच आहे. ओझरच्या प्रसादवाल्याने बजावलं होतं, "उसाच्या कडेनं कुठं थांबू नका." आम्ही थांबलो नाही. गाडी थांबली म्हणावं, तर तसंही नाही. दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वळणावर साडूंनी वेग कमी केला आणि पुन्हा पाय दाबला. गाडी माणूस चालतो त्या चालीने सरकत विचार करू लागली. उसात काहीतरी खसफसलं. मागून तिन्ही बायकांचा आवाज एकदम आला, "अहो, दाबा ना!"

"दाबलंय!"

"मग?"

"कळवलंय!" साडू म्हणाले.

उसातून एक भटकं कुत्रं बाहेर आलं, आमच्याकडे पाहत गाडीपुढून रस्ता ओलांडून गेलं. त्याला घाई नव्हती.

त्या रात्री मुक्कामाच्या हॉटेलात मासवडी आणि रस्सा समोर असताना साडूंनी उपाय जाहीर केले. एक, गाडी कायम स्पोर्ट मोडला ठेवायची. पेट्रोल जळेल ते जळेल, पण मग ती वरच्या गिअरमध्ये जाऊन झोपत नाही. दोन, वळणाआधी स्टिअरिंगमागच्या पॅडलने स्वतःच खालचा गिअर टाकायचा. तीन, पाय एकदम आदळायचा नाही, हलकेच लावून वाढवत न्यायचा. आणि चौथा, जो त्यांना सर्वांत आवडला होता: अर्ज आधीच टाकून ठेवायचा. म्हणजे वेग हवा त्याच्या जरा अगोदर दाबायचं, आणि तो हवासा होईपर्यंत मंजुरी हातात.

"घरी पाहुणे येणार ते मला दारात आल्यावर कळतं," मेहुणी म्हणाली, "आणि गाडीला दोन वळणं आधी कळवणार."

दुसऱ्या दिवशी मंचरवरून घोडेगावला वळलो. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावात, कारण ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. जलाशय दिसू लागला आणि आमची परदेशी बनावटीची गाडी, स्पोर्ट मोडला असून, तिथेच अडखळली. साडू काही बोलणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "असू दे. इथे थांबायलाच हवं." सगळे उतरलो, पाण्याकडे पाहत उभे राहिलो. या प्रवासात गाडीचं वागणं कुणाला पटलं असेल तर त्या एकाच ठिकाणी.

पोखरीच्या घाटात साडूंचे चारही उपाय एकदम सुरू झाले. पॅडलचा कट्‍कट् आवाज, पायाचा हलका दाब आणि तोंडाने "येतंय, येतंय, आलं" असं पुटपुटणं. वर चढणारी एसटी आमच्या मागून आली, हॉर्न वाजवला आणि धूर सोडत पुढे गेली. तिच्यात कसलाच मोड नव्हता. भीमाशंकरला पायऱ्या उतरून दर्शन झालं, पुन्हा चढून सासूबाईंचे गुडघे गेले. गाडीने मात्र परतीच्या उतारावर एकदाही त्रास दिला नाही. उताराला अर्ज लागत नाही.

आता खरी गंमत. मंचरच्या अलीकडे एका गावाची यात्रा होती, रस्ता तुंबलेला. स्वयंसेवकांनी आम्हाला नांगरलेल्या वावरात गाडी लावायला लावली आणि पाहिलं तर शेजारीच बैलगाडा शर्यतीचा घाट! साडू एकदम पोरासारखे पळाले. मी मागोमाग.

चढाच्या तोंडाशी गाडा उभा होता. चार बैल जुंपलेले आणि आठ-दहा माणसं त्यांच्या वेसणींना, शिंगांना, शेपट्यांना लोंबकळत होती. बैलांच्या पाठीवरची कातडी थरथरत होती. त्यांच्या अंगावर भंडारा उधळलेला, नाकातून फुत्कार, एकाच्या पुढच्या पायाने जमिनीत खळगा पाडलेला. पुढे घोडीवर स्वार, नजर मागे वळवून. भोंग्यावर पुकारणारा न थांबता बोलत होता. मग "झाली…" अशी आरोळी उठली, सगळे हात एकदम सुटले, आणि "भिर्रर्र!" हात सुटणं आणि बैल निघणं यांत पापणी लवायलाही जागा नव्हती. धूळ खाली बसेपर्यंत गाडा घाटमाथ्यावर.

साडू तोंड उघडं ठेवून पाहत होते. शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "बाबा, खायला काय घालता यांना?"

"दूध, अंडी, उडदाची डाळ, गव्हाचं पीठ. तुमचं काय हाय?"

"पेट्रोल," साडू म्हणाले आणि आपलं दुःख मोकळं केलं. सेन्सर, गिअर, टर्बो, सगळं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकलं.

"दोन सेकंद थांबती?"

"हो ना!"

"आमचं बैल सात वर्सं थांबलं हुतं पाव्हणं. कोर्टात."

खरंच होतं. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला तरी घाट बंदच, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली, आणि घटनापीठाचा शेवटचा शिक्का १८ मे २०२३ ला बसला. इतकी वर्षं या भागातल्या शेतकऱ्यांनी ज्या बैलांचा शेतीला उपयोग नाही त्यांना दूध-अंडी चारली. साडूंनी म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला: वावरातली काळी गाडी काढा, बैलांचा पिकअप आत येतोय. साडू धावत जाऊन बसले. पाय दाबला. गाडी ढेकळांत तशीच. पुन्हा दाबला. पाच-सहा पोरं मागे धक्का द्यायला जमली. साडू काचेतून "नको, नको, येईल!" म्हणताहेत, पोरं "हैश्शा" म्हणताहेत, आणि सगळ्या शाखांची मंजुरी एकाच वेळी आली. गाडी ढेकळं उडवत सुटली, बांधाजवळ जाऊन कचकन थांबली. पोरांच्या जागी फक्त धूळ उभी होती. भोंगा कडाडला: "आणि मंडळी, पुण्याचा काळा गाडा सुटलाय… भिर्रर्र! पण पुढं घोडी न्हाई, बारी बाद!" सगळा घाट हसला. कुणीतरी पळत येऊन बॉनेटवर मूठभर भंडारा उधळला. साडूंनी तो पुढे बरेच दिवस पुसू दिला नाही.

परत येताना चाकणच्या कोंडीत सापडलो. तासाभरात कुणी म्हणण्यासारखं सरकलं नाही. ट्रक, डंपर, कंपन्यांच्या बसा, रिक्षा, सगळेच जागच्या जागी, आणि त्यांच्यात आमची गाडी कुठेच कमी पडत नव्हती. इतक्यात फोन वाजला. आवाज गाडीच्या स्पीकरवर. सर्व्हिस सेंटरची मुलगी. "सर, तुमच्या गाडीच्या परफॉर्मन्सला दहापैकी किती गुण द्याल?"

साडू उत्तर शोधू लागले. एक सेकंद गेला, दीड गेला.

"हॅलो सर? आवाज येतोय का?"

"दहा लिही गं बाई," सासूबाई मागून म्हणाल्या. "आता छान चालली आहे."